एक चिकित्सक अभ्यास

संगीतातल्या पीएच.डी.चा कुठलाही प्रबंध उघडा. पहिल्या प्रकरणात ओंकार, सामवेद, भरत आणि शार्ङ्गदेव हजर. विषय नाट्यसंगीतातला ऑर्गन असला तरी वाट सामवेदावरूनच जाते.

पुढे घराण्याचा इतिहास, बुवांचं चरित्र आणि शिष्यांच्या मुलाखती. शिष्य सांगतात, बुवा थोर होते. शेवटच्या प्रकरणात तेच सिद्ध होतं.

शीर्षकाला ‘एक चिकित्सक अभ्यास’ हे शेपूट असतंच. चिकित्सा शोधायची वाचकाने.

यूजीसीच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ आहे. सॉफ्टवेअर शब्दांची चोरी पकडतं. विचार आहे की नाही, हे ते बघत नाही.

कित्येक गाइड त्यामुळेच निर्धास्त आहेत.

विचाराचं काय होतं, ते बघायला भूप राग घ्या. सा रे ग प ध, पाचच स्वर, मध्यम वर्ज्य. कल्याण थाटाची ओळख कशाने? तीव्र मध्यमाने. मग जो स्वर भूपात लागतच नाही, त्याच्या थाटात भूप कसा? हेच पाच स्वर घेऊन देशकार तर बिलावलात जाऊन बसलाय! असं विचारणारा एखादा विद्यार्थी निघतोच. त्याला उत्तर मिळतं, ‘पेपरात कल्याण लिही, मार्क मिळतील.’

झालं संशोधन.

ज्या भातखंड्यांचे हे दहा थाट, ते शिकलेले वकील. अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला बसवून श्रुती मोजणारे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. ‘घरंदाज गायकी’ लिहिणारे वामनराव देशपांडे चार्टर्ड अकाउंटंट. आज या तिघांना संगीत विभागात तासिका तत्त्वावरसुद्धा घेतलं नसतं.

नेट-सेट कुठाय?

अपवाद आहेत, नाही कोण म्हणतं? प्रभाताई अत्र्यांनी सरगमवर डॉक्टरेट मिळवली आणि मैफलीत सरगम गाऊनही दाखवली. पण एम.ए.च्या मुलीने परीक्षेत स्वतः बांधलेली बंदिश गाऊन बघावी. पहिला प्रश्न येईल, ‘कुठल्या पुस्तकातली?’

कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुनांतून राग काढले. त्या धुनउगम रागांवर आता टीप लिहायची असते. पाच ओळींत.

तेव्हा गाइडसाहेब, पुढच्या व्हायव्हात बटाटेवडे यायच्या आत उमेदवाराला भूपाचा थाट विचारा. ‘असं का?’ हेही विचारा. उत्तर तुम्हालाही येत नसेल, तर पुढच्या उमेदवाराला विषय तोच द्या. सामवेद वगळून.