दंतवैद्य का व्हायचंय? (खरं उत्तर चालणार नाही)

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
दंतवैद्यक पदवी प्रवेश मुलाखत मंडळ,
इंग्लंडातलं एक विद्यापीठ
(नाव मुद्दाम घातलेलं नाही, भाचीचा निकाल अजून यायचाय.)

विषय : आपल्या मुलाखत पद्धतीबद्दल आपलं अभिनंदन करणेबाबत.

महोदय आणि महोदया,

स. न. वि. वि.

सतरा वर्षांच्या पोरीला समोर बसवून ‘तुला दंतवैद्य का व्हायचंय?’ असं तोंडावर विचारणारी माणसं जगात आहेत, हे आमच्या साताऱ्यातल्या डॉक्टरमंडळींना सांगितलं तर ती मला खुळ्यात काढतील. आम्हाला हे कधी कुणी विचारलंच नाही. आमच्या वेळी बारावीच्या पीसीबीच्या गुणांवर यादी लागायची. नंबर पुकारला की टेबलाशी जायचं. टेबलामागच्या गृहस्थांनी मान वर न करता मला एकच प्रश्न विचारला : ‘अटेस्टेड झेरॉक्स आणल्यात का?’ आणल्या होत्या. झालो दंतवैद्य.

आता तर ते टेबलही राहिलं नाही. ‘नीट’ नावाची परीक्षा असते : १८० मिनिटं, १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकलं की एक जातो. मग घरबसल्या कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा आणि यादीची वाट बघायची. या सगळ्यात माणसाच्या दातांचा उल्लेख यायचा तो जीवशास्त्रातल्या पचनसंस्थेच्या धड्यात. तो धडाही २०२४ च्या अभ्यासक्रमातून काढून टाकला. म्हणजे दातांबद्दल अवाक्षर न बोलता दातांचा डॉक्टर होण्याची सोय आम्ही केलेली आहे. तेव्हा तुमच्याकडचा थाट पाहून माझी दातखीळ बसली, तर नवल नाही.

काय तो थाट! १५ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सहाच्या आत अर्ज. त्यात पाच पर्याय, पण दंतवैद्यकाचे चारच. पाचवा दुसऱ्या कशाचा तरी. त्याआधी यूकॅट नावाची परीक्षा. तिच्यात शब्द, आकडे आणि निर्णय तर तपासतातच, पण ‘अशा प्रसंगी तुम्ही कसं वागाल’ याचीही प्रतवारी होते, एक ते चार. चौथ्या प्रतीत गेलेल्या पोरानं घरी काय सांगायचं? ‘आई, मी हुशार आहे, पण माणूस म्हणून चौथ्या दर्जाचा निघालो’? आणि एवढं सगळं पार करून मग तुमची ती घंटेवरची मुलाखत. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात या शतकाच्या सुरुवातीला निघालेली ही पद्धत. एकाच मंडळापुढे अर्धा तास बसण्याऐवजी उमेदवारानं खोल्याखोल्यांतून फिरायचं. दारावरचा कागद वाचायला मिनिटभर, आत पाच-सात मिनिटं, घंटा वाजली की पुढची खोली. एका परीक्षकाची मर्जी किंवा गैरमर्जी सगळ्या निकालावर बसू नये, हा हेतू. हेतू चांगला आहे, हे उपरोधानं म्हणत नाही.

आत काय विचारलं, हे भाचीनं मला सांगितलेलं नाही. तुम्ही तिच्याकडून गुप्ततेची सही घेतलीत आणि पोरगी सहीला जागते. पुढे जे लिहितोय ते बाजारातली तयारीची पुस्तकं आणि ताईच्या दिवाणखान्यात झालेली रंगीत तालीम यांच्या आधारे. मी हिवाळ्यात लेस्टरला ताईकडे आलो आणि आल्या आल्या माझी नेमणूक नट म्हणून झाली.

पहिला प्रसंग : गाडी मागे घेताना शेजाऱ्याचं मांजर उमेदवाराच्या चाकाखाली आलंय, शेजाऱ्याला बातमी सांगायची. शेजारी मी. भाची समोर बसली, किंचित पुढे झुकली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘मला तुम्हाला एक वाईट बातमी द्यायचीय. आपण बसून बोलूया का?’ मी म्हटलं, ‘अगं, सांग की!’ लगेच तिनं मला थांबवलं. ‘मामा, असं नाही. तू आधी गप्प बसायचं. त्या शांततेला मार्क असतात.’ आमच्याकडे शांततेला मार्क असते, तर निम्मा सातारा दंतवैद्य झाला असता.

दुसऱ्या प्रसंगात मी चिडलेला पेशंट होतो. हे काम मला जमेल अशी माझी खात्री होती, कारण असे पेशंट मी रोज बघतो. मी सुरू केलं, ‘डॉक्टर, कॅपचे एवढे पैसे? कोरेगावात निम्म्यात बसवतात. आणि मागच्या वेळी दात ठणकत होता तो वरचा, तुम्ही बघितला खालचा!’ भाची वैतागली. पुस्तकातला पेशंट असा चिडत नाही म्हणे. तो आपली भावना व्यवस्थित वाक्यात मांडतो, उमेदवार ती मान्य करतो, मग दोघं मिळून पुढचा मार्ग ठरवतात. असा पेशंट मला द्याच, महोदय. मी त्याला फुकट दात घालीन.

बुटाची नाडी कशी बांधायची, हे हात न हलवता नुसत्या शब्दांत सांगा, असाही एक प्रकार असतो. यावर ताईचं आणि दाजींचं कडाक्याचं भांडण झालं, कारण दोघं वेगवेगळ्या पद्धतीनं नाडी बांधतात, हे त्यांना लग्नानंतर वीस वर्षांनी कळलं.

पण मला तुमच्याशी बोलायचंय ते त्या मुख्य प्रश्नाबद्दल : दंतवैद्य का व्हायचंय? आणि त्याला जोडून : डॉक्टर का नाही?

आमच्याकडे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान पोरही देईल. एमबीबीएस थोडक्यात हुकलं म्हणून. माझंही तसंच. आणि मी बरा दंतवैद्य आहे. कामाच्या वेळा ठरलेल्या, रात्री-अपरात्री कुणी दार वाजवत नाही, स्वतःचा दवाखाना आणि कमाई बरी. ही सगळी खरी, सभ्य कारणं आहेत. यातलं एकही कारण तुमच्या खोलीत उच्चारायचं नाही, असं प्रत्येक पुस्तक ठळक अक्षरांत बजावतं. उच्चारायचं काय? तर ‘लहानपणी दातांना तारा लावल्या आणि माझा हरवलेला आत्मविश्वास परत आला.’ किंवा ‘दंतवैद्यक म्हणजे कला आणि विज्ञान यांचा संगम.’ मुलाखतीच्या दिवशी तुमच्या त्या प्रतीक्षागृहात मी सकाळभर बसलो होतो. टी-शर्ट घातलेली तुमची विद्यार्थी मंडळी मोठ्या अगत्यानं सगळ्यांना पाणी देत होती, आणि कोपऱ्याकोपऱ्यात आईबाप शेवटची उजळणी करून घेत होते. ज्याला-त्याला तो संगम झालेला. कुंभमेळ्यात प्रयागलासुद्धा संगमावर एवढी गर्दी होत नसेल.

प्रामाणिकपणा तपासायला तुम्ही असा प्रश्न निवडलात, की ज्याचं प्रामाणिक उत्तर दिलं तर पोर नापास होतं. कल्पना अफलातून आहे.

आणखी एक सांगतो. अर्जात कामाचा अनुभव लागतो. दवाखान्यात बसून बघितलेलं असावं लागतं. ज्यांच्या ओळखीत दंतवैद्य नाही, ती पोरं दारोदार ईमेल पाठवत बसतात. भाचीला मामा होता. सुट्टीत ती माझ्याकडे साताऱ्याला आली. एक दिवस एक आजी आल्या. जन्मभर मिश्री लावलेली, त्यामुळे दात मुळापासून काळे आणि हिरड्या खाली उतरलेल्या. खालचे पुढचे दोन दात इतके हलत होते, की बोलताना जिभेबरोबर पुढे-मागे व्हायचे. त्यांना ते काढून हवे होते, पण नातीचं लग्न झाल्यावर, कारण फोटोत फट दिसेल. मी म्हटलं, आजी, तोवर ते आपणहून पडतील. शेवटी बसल्या खुर्चीत. भाचीच्या हातात मी सक्शन दिलं होतं. इंजेक्शनची सुई बघताच आजींनी तिचा दुसरा हात घट्ट धरला आणि गुळण्या करून उठेपर्यंत सोडला नाही. पोरीला मनगट अवघडलं तरी ती हलली नाही. मला तेव्हाच कळलं, हिला हे काम जमेल.

पुढे लेस्टरला तीच गोष्ट मी तालमीत ऐकली. शिकवणीवाल्यांनी एक साचा दिलाय : परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. आजी झाल्या परिस्थिती. हात धरणं ही कृती. परिणाम : ‘मी सहवेदनेचं महत्त्व शिकले.’ नव्वद सेकंदांत बसतं. मिश्री वगळली, कारण ती समजावून सांगण्यात वेळ जातो. नातीचं लग्नही वगळलं. आजींनी हात धरला होता, तो बदलून ‘मी त्यांचा हात धरला’ असं झालं, कारण पुढाकाराला गुण आहेत. मोदकाच्या कळ्या आणि अंगणातली रांगोळी यांचं ‘हस्तकौशल्य’ झालं, गणपतीतल्या ढोल पथकाचं ‘संघभावना’ झालं. पोरीचं सगळं बालपण गुणपत्रिकेसारखं रकान्यांत बसवून झालं.

एका खोलीबद्दल मात्र तुम्हाला मनापासून दंडवत. काही ठिकाणी तार आणि पक्कड देतात, आणि चित्रातल्यासारखी वाकवून दाखवा म्हणतात. कुठे आरशात बघून रेघ ओढायला लावतात. कॅनडात तर कित्येक वर्षं प्रवेश परीक्षेत साबण कोरायला द्यायचे. आमच्याकडे ही परीक्षा होते, पण प्रवेश झाल्यावर. पहिल्या वर्षी मेणाचा ठोकळा हातात देतात आणि दात कोरा म्हणतात. आधी पुढचा, सोपा. मग वरची पहिली दाढ : चार उंचवटे, त्यांच्यामधली तिरकी कड, आणि आतल्या बाजूला काराबेली साहेबांचा तो पाचवा इवलासा उंचवटा. रात्ररात्र कोरायचं. नखांत मेण जायचं, मेसच्या चपातीला मेणाचा वास यायचा. सकाळी सर तो दात उजेडाकडे धरून फिरवायचे आणि न बोलता टेबलावर ठेवायचे. कधीकधी मोडूनही ठेवायचे. माझ्या वर्गातल्या काहींना तेव्हा पहिल्यांदा कळलं, की आपला हात थरथरतो. तोवर फी भरून झाली होती. तार वाकवताना मात्र कुणाला संगम सांगता येत नाही. तार एक तर चित्राबरहुकूम वाकते, नाहीतर वाकत नाही.

मग ती खोली : ‘आरोग्यसेवेतल्या दंतोपचारांचं संकट कसं सोडवाल?’ फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात एनएचएसचा, म्हणजे तुमच्या सरकारी आरोग्यसेवेचा, दातांचा दवाखाना नव्यानं उघडला, तर नाव नोंदवायला शेकडो माणसं रस्त्यावर रांगेत उभी राहिली, पोलीस बोलवावे लागले. इंग्लंडात पाच ते नऊ वयाच्या मुलांना रुग्णालयात दाखल करण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे किडलेले दात. २००६ च्या करारानं दंतवैद्याचं काम ‘एककां’त मोजायला सुरुवात केली आणि एक दात भरा की चार भरा, वर्षानुवर्षं एककं तेवढीच मिळत राहिली, डॉक्टर कंटाळून खाजगीत गेले. एवढं होऊन इंग्लंडात दंतवैद्यक शिकायला वर्षाला सरकारी खर्चाच्या जागा किती, तर सुमारे ८००. त्या २०३१-३२ पर्यंत १,१०० करू, असं २०२३ च्या योजनेत लिहून ठेवलंय. आणि हे कोडं तुम्ही घालता कुणाला? मंत्र्यांना नाही, बारावीतल्या पोरीला. सहा मिनिटांत.

आमच्या दाजींच्या दाढेची कॅप निघाली तेव्हा त्यांना एनएचएसचा डॉक्टर मिळाला नाही आणि खाजगीतला दर ऐकून त्यांनी चहा खाली ठेवला. डिसेंबरात गावी आले तेव्हा मीच बसवून दिली.

हसू नका, आमचंही काही बरं नाही. २०२१ मध्ये आमच्या देशात बीडीएसच्या सुमारे सात हजार जागा रिकाम्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाला पात्रतेचा उंबरठा दहा पर्सेंटाइलनं खाली आणावा लागला. तुमच्याकडे पोरं जागेसाठी फिरतात, आमच्याकडे जागा पोरांसाठी फिरतात.

तेव्हा कुणी म्हणेल, ही मुलाखत महाराष्ट्रात आणा. आणू नका, हात जोडतो. महिन्याभरात लातूरला तिचा पॅटर्न निघेल. ‘मांजर मेल्याची बातमी : संभाव्य उत्तरांसह’ अशी गाइड येतील, शांतता किती सेकंद पाळायची याचे क्रॅश कोर्स निघतील, आणि सहवेदनेत पैकीच्या पैकी मिळवलेल्या पोरांचे फोटो फ्लेक्सवर लागतील. पाठवायचीच झाली तर फक्त ती तार आणि पक्कड पाठवा.

आणि तुमच्याकडे एवढंच करा. ‘का व्हायचंय’ हा प्रश्न एक तर काढून टाका, नाहीतर ‘ठरलेल्या वेळा आणि बरी कमाई’ या उत्तरालाही गुण ठेवा. असं उत्तर देणारं पोर निदान पेशंटला बिल समजावून सांगताना खोटं बोलणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक दंतवैद्य मामा, सातारा

ता. क. : भाचीला जागा द्यायची की नाही, हे सर्वस्वी तुम्ही ठरवायचं. दाजींची दुसरी दाढही आता हलायला लागलीय. त्यांनी डिसेंबरचं तिकीट काढून ठेवलंय.