रंकाळ्याचं वेळापत्रक

एकतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. ते कुणालाच आठवत नाही. आठवतं ते मी बनवलेलं वेळापत्रक. दर जूनमध्ये टेबलभर कागद पसरून बसायचो. पी. टी.च्या सरांना आठवा तास नको, चित्रकलेच्या बाईंना जेवणानंतरचा नको, हिंदीच्या सरांना कुठलाच नको. तरी मी सगळ्यांना बसवायचो. निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापक म्हणाले, “सरांनी कुणाचा तास कुणावर पडू दिला नाही.” हे वाक्य माझ्या डोक्यात गेलं. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथंच आहे.

निवृत्तीनंतर चार महिन्यांनी रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळीच्या आधी रंकाळा लिहून दिला. “रोज एक फेरी.” पुरी फेरी म्हणजे चार-साडेचार किलोमीटर. मी टॉवरपासून संध्यामठापर्यंत चालत जातो आणि उरलेली फेरी कट्ट्यावर बसून डोळ्यांनी पुरी करतो.

आमचा रंकाळा मूळचा दगडाची खाण. अंबाबाईच्या देवळाचा दगड इथनंच गेला असं गाव सांगतं. दगड गेला, खड्डा राहिला, पाणी भरलं. रंकभैरवावरून नाव पडलं. खड्ड्यांचं सोनं होतं ते कोल्हापुरात एवढं एकदाच, बाकीचे रस्त्यात तसेच आहेत. पलीकडच्या काठाला १९३१ ते १९३४ मध्ये बांधलेला काळ्या दगडाचा शालिनी पॅलेस. सकाळचं पहिलं ऊन त्याच्या मनोऱ्यावर पडतं, आणि ते बघायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे माझा कट्टा.

‘माझा’ म्हणजे मी सकाळी सहा दहाला ज्याच्यावर बसतो तो.

काठाला जी बाग आहे तिचं नाव ‘पदपथ उद्यान’. नाव ठेवणारा मोठा मुत्सद्दी असला पाहिजे. चालणाऱ्याला वाटावं हा पदपथ, बसणाऱ्याला वाटावं हे उद्यान. चालणारे म्हणतात, हे बसणारे पाय पसरून वाटेत बसतात. बसणारे म्हणतात, हे चालणारे धापा टाकत डोक्यावरनं जातात. मी निम्मा चालणारा आणि निम्मा बसणारा असल्यामुळे दोन्ही बाजूंनी चिडायचा अधिकार मला आहे, आणि तो मी पुरेपूर वापरतो.

सहाला पोहणारे येतात. टॉवेल कट्ट्यावर, स्वतः पाण्यात. हे लोक डिसेंबरातसुद्धा “पाणी कोमट हाय की!” म्हणून काठावरच्यांना बोलावतात, आणि म्हणताना दात वाजत असतात. साडेसहाला हास्यवाले. पंचवीस-तीस ज्येष्ठ नागरिक गोल करून, हात वर करून, कुणीही विनोद न सांगता हसतात. मी गणिताच्या तासाला विनोद सांगायचो तेव्हा कुणी हसायचं नाही, त्यामुळे माझं त्यांच्याबद्दलचं मत निर्मळ नाही. सातला हसून झालं की त्यातले निम्मे थेट मिसळीवर जातात आणि कट जास्त मागतात. उरलेले गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, समोर म्हैस पिळून दिलेलं फेसाळ दूध प्यायला. डॉक्टरांनी या लोकांना फेरी लिहून दिली तेव्हा रस्त्यात गंगावेस लागते हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

आणि गळवाले मामा. ते कधी येतात ते कुणी पाहिलेलं नाही. आपण जातो तेव्हा ते असतातच. एक काठी, एक डबा, कणकेचे गोळे. बोलणं कमी. मी एकदा विचारलं, “मामा, काय घावतं?” ते म्हणाले, “चिलापी.” अर्ध्या तासानं आणखी एक वाक्य आलं: “कवातरी.”

या मंडळींत गेल्या थंडीत दोन नवे गट आले. एक पक्षीवाले. गळ्यात दुर्बीण, अंगात मातकट शर्ट, बोलणं कुजबुजत. त्यांच्यामुळं मला कळलं की पाण्यात जो काळा, कपाळाला पांढरा टिळा लावलेला पक्षी डुलत जातो त्याला ‘वारकरी’ म्हणतात. साठ वर्षं मी त्याला बदक म्हणत होतो आणि त्यानं कधी तक्रार केली नव्हती. दुसरा गट रीलवाल्यांचा. तीन पोरी, एक पोरगा, एक तिकाटणं. आणि ‘इषय हार्ड’ हे दोन शब्द, जे त्यांना कुठल्याही प्रश्नाचं उत्तर म्हणून चालतात.

भांडण पेटलं ते केंदाळावरनं. पाण्यावर हिरवं केंदाळ पसरलं होतं. पोहणारे म्हणाले, काढा. हास्यवाले म्हणाले, डास होतात, काढा. रीलवाली पोरगी म्हणाली, “राहू दे की, बॅकग्राउंड ग्रीन येतंय.” पक्षीवाले कुजबुजले की सरसकट काढू नका, त्या पानांच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी वावरते. मामा काहीच म्हणाले नाहीत, कारण त्यांचा गळ केंदाळातच अडकला होता. मग हास्यवाल्यांतल्या एका आण्णांनी मूळ मुद्दा काढला: “ही सगळी घाण बाहेरच्यांनी केली.” बाहेरचे म्हणजे कोण? तर सुट्टीला येणारे पर्यटक? नव्हे. आण्णा शिवाजी पेठेतले. त्यांचं बोट होतं पोहणाऱ्यांतल्या एका दादांकडं, जे रोज कसबा बावड्यातनं स्कूटरवर येतात.

मी मास्तर. गप्प बसवेना. उभा राहून सांगितलं की बाहेरचं म्हणाल तर हे केंदाळ मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, मामांची चिलापी आफ्रिकेतली, आणि थंडीतली कित्येक बदकं उत्तरेकडनं हजारो किलोमीटर उडून येतात. त्या मानानं बावडा जवळ आहे. सगळे जरा गप्प झाले. आण्णा विचार करून म्हणाले, “बदकं परत जात्यात की ओ.”

त्या रात्री मी कागद पसरला.

बायको म्हणाली, “शाळा सोडलीसा न्हवं?” मी म्हटलं, ही शेवटची. पट्टी, पेन्सिल, चार रंग. आडवे रकाने वेळेचे, उभे जागेचे: टॉवर, कट्टा, पायऱ्या, संध्यामठ. पोहणाऱ्यांना पायऱ्या, सहा ते पावणेसात. पक्षीवाल्यांना कुजबुजायला संध्यामठाची बाजू, उजाडल्यापासून. हास्यवाल्यांना टॉवर, म्हणजे हसण्याची लाट पक्ष्यांपर्यंत पोचणार नाही. रीलवाल्यांना सूर्यास्त, कारण तेव्हा पॅलेसमागं ऊन उतरतं आणि आमच्यासारखे लोक घरी बातम्या बघत असतात. कट्ट्यासमोर सहा दहा ते सात मी लिहिलं, ‘राखीव’. कुणाचा तास कुणावर पडत नव्हता. इतकं सुबक वेळापत्रक मी शाळेतसुद्धा केलं नव्हतं. शाळेत संस्थाचालकांचे नातेवाईक मध्ये येतात.

सकाळी पहिल्यांदा मामांना दाखवलं. मामांनी काठी पायात धरली, चष्मा काढला, कागद आधी उभा, मग आडवा बघितला. दहा मिनिटं वाचला. मग विचारलं, “सर, ह्यात माशाचा तास कुठाय?”

मी म्हटलं, “माशाचा कसला तास?”

“मग तो कवा यील ते मला कसं कळावं?”

पक्षीवाल्यांनी हाच मुद्दा जरा शुद्ध भाषेत मांडला. पाणकोंबडी संध्यामठाच्या बाजूला येईल याची हमी मी घेतो का? हास्यवाल्यांनी वाचलं आणि हसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हसण्याला कारण मिळालं आणि ते मी पुरवलं होतं. रीलवाल्या पोरीनं कागदाचा फोटो काढला. दोन दिवसांनी माझ्या भाच्यानं मला दाखवला, त्याच्यावर गाणं लावलेलं होतं.

त्यानंतर दहा दिवस मी लेकीकडं पुण्याला गेलो. दहा दिवस सोसायटीच्या गच्चीवर आठ आकड्यासारख्या फेऱ्या मारल्या. तिथं सगळं शिस्तीत होतं. फलकावर वेळा होत्या, मुलांची वेगळी, ज्येष्ठांची वेगळी. माझ्या वेळेत गच्चीवर मी आणि एक पाण्याची टाकी. चौथ्या दिवशी मी टाकीला नमस्कार केला.

परत आलो त्या सकाळी माझा कट्टा भरलेला. एका टोकाला पोहणाऱ्यांचे टॉवेल, मधे पक्षीवाल्यांची पिशवी, पलीकडं रीलचं तिकाटणं, आणि बावड्याचे दादा चक्क हास्यवाल्यांच्या गोलात हात वर करून उभे. शिवाजी पेठेचे आण्णा त्यांचा खांदा धरून त्यांना ‘सिंहहास्य’ शिकवत होते. मी म्हटलं, “काय ओ, बरंच जमलंय की!”

आण्णा म्हणाले, “सर, तुम्ही न्हवता न्हवं? कुणाची तक्रारच न्हाई. आमाला वाटलं, वेळापत्रक लागू झालं.”

मला हे लागलं. पण मी गणित शिकवलेला माणूस. पुरावा समोर होता. सगळे होते तसेच, एकच गोष्ट वजा केली होती, आणि उत्तर बरोबर आलं होतं.

तेव्हा मला आजीचा नंदी आठवला. आजी सांगायची, रंकाळ्याजवळचा दगडी नंदी रोज गव्हाएवढा पाण्याकडं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो. तो पाण्याला टेकला की जग बुडालं. मी तिसरीत होतो. म्हटलं, आजी, तांदूळ गव्हापेक्षा लांब असतो. म्हणजे नंदी मागंच जाणार, जग कसं बुडंल? आजीनं चुलीवरनं मान न वळवता सांगितलं, “तुला बासमती कुणी धरायला सांगितला? आजऱ्याचा तांदूळ धर.” आजऱ्याचा घनसाळ आखूड. हिशेब बसला. जग बुडायची सोय झाली आणि मी निवांत जेवलो.

उभा राहिलो होतो तसाच. पॅलेसच्या मनोऱ्यावर ऊन पडलं. मामांचा गळ हलला. सगळा काठ एकदम गप्प झाला, हास्यवालेसुद्धा हात वर ठेवून थांबले. वर आली ती बोटाएवढी चिलापी. मामांनी तिच्याकडं बघितलं, परत पाण्यात सोडली आणि म्हणाले, “कवातरी.”

रीलवाल्या पोरीनं तिकाटणं उचललं, पिशवी मांडीवर घेतली आणि कट्ट्यावर वीतभर जागा केली. “काका, बसा की. पण जरा तिकडं सरकून, फ्रेममध्ये येताय.”

मी बसलो. गव्हाएवढा सरकलो. तिनं मान वर करून बघितलं. मी आणखी सरकलो, आणि तिचं लक्ष मोबाईलमध्ये गेल्यावर हळूच परत आलो. आजऱ्याच्या तांदळाएवढा.