पाल्यांना सोबत आणू नये

आमच्या सोसायटीच्या फलकावर सूचना लागली आहे. 'सजग पालकत्व' कार्यशाळा, रविवारी सकाळी दहा ते एक, स्थळ क्लबहाऊस, नाश्त्याची सोय केली आहे. खाली ठळक अक्षरांत: पाल्यांना सोबत आणू नये. मुलांना वेळ कसा द्यावा हे ऐकण्यासाठी मुलांना आधी कुणाच्या तरी गळ्यात मारायचं, असा हा बेत. खाली खेळायला पाठवावं तर खेळाच्या जागेत गाड्या उभ्या, आणि भिंतीवर 'बॉल खेळण्यास सक्त मनाई'.

पालकांना मदत करायची म्हटलं की आपण व्याख्यान ठेवतो. मोबाइलच्या व्यसनावर एक, आहारावर एक, 'मुलांशी संवाद' तर दर तिमाहीला. पण शाळेची बस चारला येते आणि आई लोकलमधून उतरते साडेसातला, मधल्या साडेतीन तासांचं काय करायचं, याची स्लाइड कुठल्याच वक्त्याकडे नसते. तो वेळ आजी निभावून नेते. आजी ही महाराष्ट्रातली सगळ्यात जुनी कायम विनाअनुदानित संस्था. तिचे गुडघे गेले की घरात आणीबाणी जाहीर होते.

ज्यांना हे कळलं होतं, त्या बायका भाषणं देत बसल्या नाहीत. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यात सामील झाल्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा आईबापांना शहाणपण न शिकवता त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. पोरं गुरांमागे रानात जातात? मग कुरणात शाळा. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरीच अडकते? मग कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र, नाव विकासवाडी. धाकटं पाळण्यात, ताई वर्गात. पाल्यांना सोबत आणावे, एवढंच नव्हे, पाल्यांनी आपापले पाल्यही आणावेत!

१९७५ मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोचली. पोचली ती कागदांसकट. सेविका पोरांची वजनं घेते, आहार वाटते, गरोदर बायकांच्या नोंदी ठेवते, लसीकरणाच्या दिवशी घरोघरी हाका मारत फिरते. मग एका मांडीवर रडकं पोर आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून सगळी माहिती ॲपमध्ये भरते. रेंज नसली तर पोरासकट ओट्यावर जाते. एवढं करून हातात पडतं ते मानधन. त्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, तेव्हा शहरी पालकांपैकी कितींना ते जाणवलं कोण जाणे. आमच्या ग्रुपवर त्या वेळी उन्हाळी शिबिराच्या 'अर्ली बर्ड' सवलतीची चर्चा चालू असावी.

शहरी पालकांसाठी कायदाही आहे बरं का. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. बापाचा उल्लेख शोधू नका, दमाल. आणि आपल्या कचेरीत ही सोय कुठे आहे असं विचारून बघा. एचआरवाली मुलगी गोड हसते आणि 'वर्क-लाइफ बॅलन्स'वरच्या वेबिनारची लिंक पाठवते.

म्हणून सोसायटीच्या परवाच्या सभेत एकीने साधी सूचना मांडली. क्लबहाऊस आठवडाभर कुलपातच असतं, ते रोज चार ते सात मुलांसाठी उघडा. दोन निवृत्त शिक्षिका बसायला तयार आहेत, पालक वर्गणी काढून त्यांना पैसे देतील. सूचना सर्वांना आवडली. फक्त रोज किल्ली द्यायला अध्यक्षांची परवानगी लागते, आणि अध्यक्ष सपत्नीक सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला गेलेत. लेकीचं मूल सांभाळायला.