साठ, सत्तर, ऐंशी

महाराष्ट्रातला कोणताही लघुउद्योग पहिल्या वर्षी क्षमतेच्या ६० टक्के चालतो, दुसऱ्या वर्षी ७० आणि तिसऱ्या वर्षी ८०. पिठाची गिरणी असो, पेव्हर ब्लॉक असोत, शेळीपालन असो की केशकर्तनालय. पाऊस लांबो, वीज जावो, समोरच्याच गाळ्यात तसलेच दुकान उघडो, आकडा हलत नाही.

हा आकडा उद्योग सल्लागाराच्या एक्सेल शीटमध्ये राहतो. बँकेला फाइल लागते, फाइलीला प्रोजेक्ट रिपोर्ट लागतो आणि रिपोर्टात पाच वर्षांचे अंदाज लागतात. शीट एकच असते. गिऱ्हाईक बदलले की वरचे नाव बदलायचे. “आकडे बसवून देतो, तुम्ही निर्धास्त राहा,” असे सल्लागार सांगतो आणि आकडे खरोखरच बसतात. हप्ता फेडायची ऐपत सांगणारे गुणोत्तर दीडच्या वर राहील एवढे पाहायचे. खाली घसरले तर विक्री वाढवायची. दुकानदाराला ज्यासाठी हयात घालवावी लागते, ते काम इथे चहा येईपर्यंत उरकते.

आता केशकर्तनालय ६० टक्के क्षमतेने चालते म्हणजे काय होते? पहिल्या वर्षी नुसती कटिंग, आणि दाढी दुसऱ्या वर्षी? रविवारी बाकावर बसायला जागा नसते, सोमवारी शटर खाली असते आणि श्रावण लागला की निम्मे गाव दाढी वाढवते. शीटला श्रावण ठाऊक नाही. मंडपवाल्याला चातुर्मासात लग्नासाठी कोणी विचारत नाही आणि मे महिन्यात एकाच मुहूर्तावर चार ठिकाणी बांबू लागतात; त्यालाही ६० टक्के. पेणचा गणेशमूर्तिकार वर्षभर मूर्ती घडवतो, रंगवतो, माळ्यावर रचून ठेवतो आणि त्याचा खरा बाजार भाद्रपदाच्या तोंडावर भरतो. त्याच्याही रिपोर्टात विक्री बारा महिने समान वाटलेली असते, जणू लोक फेब्रुवारीतही टाळ वाजवत मूर्ती घरी नेतात. उरलेल्या ४० टक्के क्षमतेचे काय करायचे, हेही त्याला कोणीतरी सांगावे. ऋषिपंचमीला गणपती घ्यायला कोण येते?

सर्वांत बहारदार प्रकार पापडाचा. शीट मुळात दुग्धव्यवसायाची होती. नाव बदलले, म्हशींच्या जागी ‘पापड यंत्र, नग १’ आले, चारा खोडून उडीदडाळ आली. पण खर्चाच्या तक्त्यात एक ओळ राहून गेली: ‘भाकड काळ’. पापडाच्या यंत्राला वर्षातून काही दिवस भाकड काळ! बँकेतल्या साहेबांनी ती ओळ वाचली नाही, सही केली. सल्लागारानेही वाचली नव्हती. जिच्या कर्जासाठी रिपोर्ट केला होता, त्या बाईने ती वाचली; तिला मात्र त्यात वावगे काही दिसले नाही, कारण अख्ख्या रिपोर्टात खरी असलेली ती एकच ओळ होती. होळीनंतर ऊन तापले की गच्च्या पापडांनी भरतात, मेमध्ये हाताला उसंत नसते आणि मृगाचा पाऊस आला की वाळवण संपले. ड्रायर घ्यायचा तर विजेचे बिल येते, आणि उन्हात वाळलेल्या पापडाची सर त्याला नाही म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडते. तिला उन्हाळाभर दिवसरात्र काम हवे असते आणि पावसाळ्यात हप्त्याला सवलत हवी असते. ऊस-सोयाबीनचे कर्ज पीक हाती आल्यावर फेडायचे, हे बँकांना कळते. पापडही एक पीकच आहे, हे कळायला मात्र सल्लागारांची एवढी फौज कमी पडते.

“सबसिडी किती मिळेल, साहेब?” हा प्रश्न आला की सल्लागाराचा आवाज मऊ होतो. “पस्तीस टक्के, ताई.” हे खोटे नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के अनुदान आहे. फक्त ते हातात पडत नाही. बँकेत मुदत ठेव म्हणून तीन वर्षे राहते आणि धंदा नीट चालल्याची खातरजमा झाली की कर्जात वळते होते. ताई इकडे त्याच पैशांत उडीदडाळ भरायचा बेत करून बसलेली असते. लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीत, म्हणजे उद्यम नोंदणीतही असेच अर्धे सांगितले जाते. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आधार क्रमांक लागतो, कागदपत्र चढवावे लागत नाही. त्याचे पैसे घेणारे आहेतच. वर प्रमाणपत्र रंगीत छापून, लॅमिनेशन करून देतात.

इथवर गंमत आहे. पुढे शीटमध्ये आणखी एक आकडा असतो: ‘उधारी वसुली, ३० दिवस’.

भोसरीतल्या किंवा शिरोलीतल्या एखाद्या जॉबवर्कवाल्यासमोर हा आकडा मोठ्याने वाचून दाखवावा. माल गेला, चलनावर शिक्का पडला, बिल गेले. तीन महिने झाले, पाच झाले. दरम्यान त्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी, पैसे येवोत न येवोत, पुढच्या महिन्याच्या २० तारखेला त्याने स्वतःच्या खिशातून भरलेला असतो. बँकेचा हप्ता थांबत नाही, लेथवरच्या मुलाचा पगार थांबत नाही. थांबतो तो फक्त मोठ्या खरेदीदाराचा चेक. कायदा २००६ पासून आहे. सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे; लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. चुकले तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरातही कलम आले: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च दाखवता येणार नाही. त्यावर शहाण्या खरेदीदारांनी पैसे द्यायचे सोडून पुरवठादारांनाच उद्यम नोंदणी रद्द करायला सुचवल्याच्या तक्रारी आल्या. आणि व्याज मागायचे कोणी? जो मागेल त्याची पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते. हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही लघुउद्योगांच्या आर्थिक विकासावरच्या कार्यशाळेत कोणी हात वर करून विचारले, की साहेब, अडकलेले पैसे कसे काढायचे, तर पडद्यावर बाणांचे चित्र येते आणि उत्तर मिळते, “बायरशी रिलेशन जपा.” वीस वर्षे रिलेशन जपतोय तो! दिवाळीला सुक्यामेव्याचे डबे पोचवतोय, पर्चेसमधल्या पोराला सर म्हणतोय, आणि घरचे सोने तारण ठेवून दुसऱ्याच्या कंपनीला बिनव्याजी भांडवल पुरवतोय. त्याला तुम्ही ब्रँडिंग शिकवता?

सल्लागाराची फी मात्र निम्मी फाइल उघडताना आणि निम्मी मंजुरीपत्र हातात पडताच. उधारी नाही, बिलाची वाट पाहणे नाही, ४५ दिवसांचा प्रश्नच नाही. उलाढाल पाहता तोही सूक्ष्म उद्योगच. त्याच्या धंद्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट तेवढा कोणी पाहिलेला नाही. कर्ज काढायची पाळीच त्याच्यावर आलेली नाही.