बेकार असल्याचा दाखला आणावा

आपल्याकडं नोकरी जायला फार वेळ लागत नाही. सकाळी गेटवर पंचिंग होत नाही, सिक्युरिटीवाला नजर चुकवत 'एचआरला भेटून घ्या' म्हणतो आणि पाऊण तासात हिशेबाच्या कागदांवर सह्या होऊन माणूस डबा न उघडताच बसस्टॉपवर परत येतो. ही तत्परता पाहून कुणालाही वाटेल की पुढचंही सगळं असंच झपाट्यानं होणार. पण पुढचं काम वेगळ्या खात्याचं असतं. आपण बेकार आहोत हे सिद्ध करण्याचं काम. त्याला महिने लागतात आणि ते बिनपगारी असतं.

कामगार राज्य विम्याचा, म्हणजे ईएसआयचा, कायदा 1948चा. आजारपण, बाळंतपण, कामावरचा अपघात, मृत्यू अशी कामगाराच्या वाट्याला येणारी बहुतेक संकटं त्यात पहिल्यापासून होती. बेकारी तेवढी राहून गेली, ती 57 वर्षं राहूनच गेली. मधल्या काळात, 18 जानेवारी 1982 रोजी, मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यात अख्खं गिरणगाव घरी बसलं. विमा कायद्याच्या लेखी मात्र बेकारी नावाची गोष्टच अजून जन्माला यायची होती. 1 एप्रिल 2005 पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली, तेव्हा परळच्या गिरण्यांच्या आवारात मॉलचे दिवे लागलेले होते.

या योजनेची मुख्य अट अशी होती की कामगाराची कपात झालेली असावी किंवा कारखाना बंद झालेला असावा. बंद म्हणजे तेव्हा लागू असलेल्या 1947च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे, रीतसर बंद. इथं एक मेख आहे. आपल्याकडचे कितीतरी मालक कारखाना बंद करतच नाहीत. ते गेटला कुलूप लावतात, मशीनं हलवतात आणि मोबाइलचा नंबर बदलतात. कायद्याच्या दृष्टीनं असा कारखाना बंद नसतो, नुसता उघडत नसतो. आणि न उघडणाऱ्या कारखान्यातला कामगार हा बेकार नसून अतिशय सहनशील कर्मचारी ठरतो.

ही उणीव भरून काढायला 1 जुलै 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. पगार 21,000 रुपयांच्या आत असलेला, ईएसआयचं कार्ड असलेला कामगार बेकार झाला तर त्याला 90 दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या पगाराच्या 25 टक्के मिळणार. कल्पना उत्तमच. महिना 15,000 रुपये कमावणाऱ्याच्या हातात 90 दिवसांचे मिळून साधारण 11,250 रुपये पडतील. चार जणांच्या घराला दिवसाला 125 रुपये. एवढ्यात भागवणं अवघड आहे, पण त्यावरही योजनेत उपाय होता. हे पैसे मागायचे केव्हा? बेकारीचे 90 दिवस पूर्ण झाल्यावर. म्हणजे ज्या 90 दिवसांत चूल पेटायची, ते आधी कसेबसे काढून दाखवायचे आणि मग त्या दिवसांच्या सरपणासाठी अर्ज करायचा. ज्यानं तीन महिने उसनवारीवर काढले, त्याच्या टिकून राहण्याच्या क्षमतेबद्दल कुणाला शंका उरत नाही.

शिवाय हा लाभ आयुष्यात एकदाच. आपल्या धोरणकर्त्यांचा अर्थव्यवस्थेवर असा विश्वास आहे की एका माणसाची नोकरी दोनदा जाऊच शकत नाही.

आता अर्ज कुणामार्फत करायचा, तर ज्यानं कामावरून काढलं त्याच्यामार्फत. सुरुवातीच्या नियमानुसार दावा शेवटच्या मालकानं पुढं पाठवायचा होता. ज्या एचआरवाल्यानं पाऊण तासात वाटेला लावलं, त्याच्याच टेबलासमोर उभं राहून 'साहेब, तुम्ही मला काढलंय एवढं जरा लिहून द्या' म्हणायचं. आणि साहेब हे का लिहून देतील? कागदोपत्री त्यांनी कुणाला काढलेलंच नसतं. हिशेबाच्या त्या कागदांत एक राजीनामाही असतो, आधीच टाइप केलेला, 'वैयक्तिक कारणास्तव' या चांगल्या नऊ अक्षरी कारणासह. सही केली नाही तर फुल अँड फायनल अडकतं, म्हणून सगळे सही करतात.

पुढचा खेळ एका एक्सेलच्या रकान्यात होतो. ईएसआयची मासिक वर्गणी भरताना ज्या कामगाराचे दिवस शून्य, त्याच्यापुढं कारण निवडायचं असतं. 'रिट्रेंचमेंट' म्हणजे कपात, हा त्यातला एक पर्याय आहे. पण यादीत त्याच्या कितीतरी आधी 'लेफ्ट सर्व्हिस' भेटतो. महिनाअखेरीला दोनशे नावं भरणाऱ्या क्लार्कचं बोट वरच्या पर्यायावर थांबलं तर त्याला दोष देता येत नाही. काढलेला माणूस अशा रीतीनं 'गेलेला' माणूस होतो. गेला, बिचारा. का गेला, कुठं गेला, हे विचारायला मग कुणी येत नाही.

चाकण-भोसरीकडच्या कंत्राटी कामगाराचा प्रश्न याच्याही एक पायरी अलीकडं अडतो. सहा महिने झाले की ठेकेदार त्याला 'ब्रेक' देतो. पुन्हा घेतलं तर कधी त्याच ठेकेदाराच्या नावानं, कधी त्याच्या मेहुण्याच्या फर्मच्या नावानं. मशीन तेच, शिफ्ट तीच, सुपरवायझरच्या शिव्याही त्याच. पण योजनेला दोन वर्षांची विमापात्र नोकरी हवी आणि एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च अशा सहा-सहा महिन्यांच्या वर्गणी-काळांत किमान 78 दिवसांची वर्गणी हवी. पहिल्या नियमाप्रमाणे हे चारही काळांत हवं होतं. ब्रेक नेमका कुठं पडला यावर त्याचं नशीब ठरतं, आणि तो कुठं पाडायचा हे ठेकेदार ठरवतो.

मग 2020 साल उजाडलं आणि मार्चच्या अखेरीला अख्खा देश एकदम घरी बसला. योजनेची खरी परीक्षा आली. 24 मार्च 2020 पासून नोकरी गेलेल्यांसाठी नियम सैल करायचे असं ठरलं. ते ठरलं 20 ऑगस्टला. नियम चांगलेच सैल झाले, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. रक्कम 25 टक्क्यांवरून 50 टक्के झाली, 90 दिवसांची वाट पाहणं 30 दिवसांवर आलं, चारही काळांची अट दोन काळांवर उतरली आणि मालकाला वळसा घालून थेट शाखा कार्यालयात दावा करायची मुभा मिळाली. दावा 15 दिवसांत निकालात काढू, असंही सांगण्यात आलं. मार्चमध्ये घरी बसलेला कामगार तोवर गावी पोचून, काहींच्या बाबतीत पायी पोचून, पेरण्या उरकून बसला होता.

अर्ज ऑनलाइन होता. म्हणजे आधी पोर्टलवर फॉर्म भरायचा, मग त्याची प्रिंट काढायची, मग 20 रुपयांच्या स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करायचं, मग आधार आणि पासबुकाची झेरॉक्स जोडून ते सगळं टपालानं पाठवायचं किंवा स्वतः नेऊन द्यायचं. ऑनलाइनची ही आपली खास घराणेदार पद्धत. साथीच्या दिवसांत, लोकल सर्वसामान्यांना बंद असताना, ज्याला भाजी आणायला मास्क आणि धाडस दोन्ही लागत होतं, त्यानं स्टँप व्हेंडर शोधावा, नोटरी गाठावा आणि 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की मला काम नाही' असं जाहीर करावं. काम असलेल्या माणसाला एवढी सवड कुठून मिळाली असती, हा पुरावा कार्यालयाला पुरला नसावा. नोव्हेंबर 2020 मध्ये विमा महामंडळाच्याच लक्षात आलं की या प्रतिज्ञापत्रापायी लोकांची गैरसोय होते आहे. मग ते रद्द झालं आणि कागद स्कॅन करून चढवले तरी चालेल असं ठरलं. टाळेबंदी लागून तोवर सात महिने उलटून गेले होते.

तरीही दावा अडकतोच, आणि अडकण्याची जागा बहुधा ठरलेली असते. विम्याच्या नोंदीतलं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळलं पाहिजे. आपल्या नावांची पद्धत पाहता हे तिन्ही एका रांगेत येणं हा ग्रहयोगच म्हणायचा. बँकेत आडनाव आधी, आधारवर शेवटी. कंपनीच्या नोंदीत वडिलांच्या नावाचं नुसतं एक इंग्रजी अक्षर. बाईमाणूस असेल तर पासबुकात सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आणि आधारवर दोन्हींच्या मधलं काहीतरी. जन्मतारखेची आणखी निराळी कथा. जुन्या मास्तरांनी पोरं शाळेत घालताना निम्म्या महाराष्ट्राची जन्मतारीख 1 जून लावून टाकली. आधारचं केंद्र आलं तेव्हा ज्यांनी नुसतं साल सांगितलं, त्यांना 1 जानेवारी मिळाली. खरा जन्म कुठल्याशा दिवाळीतला. एकाच माणसाच्या अशा तीन जन्मतारखा पाहिल्यावर संगणक त्याला एक माणूस मानायला तयार होत नाही. पैसे एकालाही देत नाही.

गंमत म्हणजे ही योजना स्वतःच कायम नाही. 2018 मध्ये ती दोन वर्षांसाठी, प्रायोगिक तत्त्वावर आली. वाढीव लाभ आधी 31 डिसेंबर 2020 पर्यंत होता, मग 30 जून 2021 पर्यंत, मग 30 जून 2022 पर्यंत, आणि पुढंही अशीच मुदतवाढ मिळत राहिली. म्हणजे कंत्राटी कामगारांनाही आधार द्यायला सरकारनं जी योजना नेमली, तीही कंत्राटावरच. दर वेळी मुदत संपत आली की तिचंही काळीज धडधडत असणार.

हे आपल्याकडचंच दुखणं, असं मात्र कुणी समजू नये. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेकारांचे अर्ज इतके लोटले की चाळीस वर्षांची जुनी संगणक यंत्रणा गुडघ्यावर आली, आणि राज्यपाल फिल मर्फी यांनी कोबोल येणारे स्वयंसेवक हवेत असं जाहीर आवाहन केलं. कोबोल ही 1959 सालची संगणकभाषा. वायटूकेच्या लाटेत तिचे क्लास करून अमेरिका गाठलेले मराठी इंजिनिअर याच राज्यात एडिसनच्या आसपास मुबलक आहेत. निवृत्तीला टेकलेल्या कितीतरी काकांना त्या दिवशी आपला क्लास फुकट गेला नाही याचं समाधान झालं असेल.

पण उशीर करण्याच्या कलेत खरी उंची गाठावी ती आपल्या रोजगार हमीनंच. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रानं ती देशाला दिली. राज्याचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अंमलात आला. मागितल्यावर 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. 2005च्या केंद्राच्या कायद्यानं हेच तत्त्व उचललं आणि भत्त्याचा हिशेबही घालून दिला: पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, त्यापुढं किमान निम्मी. भत्ता द्यायचा राज्य सरकारनं. त्यामुळं तो कुणाला लागू होऊ नये याची काळजी वरपासून खालपर्यंत मनापासून घेतली जाते.

ही काळजी फार साध्या उपायानं घेता येते. 15 दिवस मोजायचे ते कामाची मागणी केल्याच्या तारखेपासून. मागणीची तारीख सिद्ध होते ती तारखेच्या पावतीवरून. मग पावतीच दिली नाही की झालं. मजूर बाई ग्रामपंचायतीत मागणीचा नमुना 4 घेऊन येते, रोजगार सेवक कागद ठेवून घेतो, 'काम निघालं की सांगतो' म्हणतो. दीड महिन्यानं काम निघतं, मस्टर निघतं आणि त्याच दिवशी संगणकात तिची मागणी चढते. मागणी आज, काम आज. असली सेवा स्वित्झर्लंडातही मिळत नसेल. भत्त्याच्या रकान्यात शून्य येतं, आणि वार्षिक अहवालात ते अभिमानानं छापता येतं.

काम मिळून मजुरी रखडली तर त्यालाही भरपाई आहे. मस्टर बंद झाल्यावर सोळाव्या दिवसापासून थकलेल्या रकमेच्या 0.05 टक्के, दररोज. 2025-26 मध्ये महाराष्ट्राची मजुरी 312 रुपये होती. सहा दिवसांच्या आठवड्याचे झाले 1,872 रुपये. त्यावर एका दिवसाच्या उशिराची भरपाई 94 पैसे. दहा दिवस रखडली तर 9 रुपये 36 पैसे, त्यात कटिंग चहा येईल का हे टपरीवर अवलंबून. भरपाईचं विचारायला तालुक्याला जायचं एसटीचं तिकीट मात्र नक्की येत नाही.

एवढ्याशा भरपाईतही हात आखडता होता. ब्लॉक पातळीवर पैशाचा आदेश निघाला की यंत्रणा उशिराचं मीटर बंद करायची, पुढं दिल्लीत तो आदेश कितीही दिवस पडून राहो. 2016-17 मधल्या सुमारे 90 लाख मजुरी-व्यवहारांचा अभ्यास संशोधकांनी केला, तेव्हा वेळेत पोचलेले व्यवहार 21 टक्केच निघाले. 18 मे 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्वराज अभियानच्या याचिकेवर सांगितलं की उशीर कुठल्या टप्प्यावर झाला याच्याशी मजुराला काही देणंघेणं नाही, भरपाई पूर्ण उशिराची द्या. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आणि हमीचे दिवस 100 वरून 125 केले. दिवस वाढवणं सोपं असतं. पावतीवर तारीख घालून देणं अवघड.

तेव्हा ज्यांची नोकरी आज शाबूत आहे, त्यांना एकच विनंती. बेकार होण्याची वाट पाहू नका. आज रात्री जेवण झाल्यावर ईएसआयच्या पोर्टलवर जाऊन आपलं नाव, जन्मतारीख आणि बँकेचं खातं आधारशी जुळतंय का ते पाहून घ्या, वर्गणीचे दिवस किमान 78 भरलेत का ते मोजा आणि एचआरनं पुढं केलेल्या कागदावर सही करण्याआधी त्यातलं कारण एकदा वाचा. गावाकडं कुणी कामाची मागणी करणार असेल, तर तारीख आणि सही असलेली पावती हातात पडेपर्यंत पंचायतीच्या पायरीवरून उठू नका म्हणावं.