पाणी कुठचं, भाऊ?

यवतमाळच्या माणसाला दारूतलं किती कळतं यावर वाद होऊ शकतो, पाण्यातलं कळतं यावर होऊ नये. २०१८ साली निळोणा आणि चापडोह या दोन्ही धरणांनी हात टेकले, तेव्हा आमच्या गल्लीतलं शाळकरी पोरगंही घोटभर पाणी तोंडात घोळवून टँकर कोणत्या विहिरीवर भरला ते सांगायचं. माझे साडू पांढरकवड्याकडचे. तिकडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड फार, त्यामुळे ते या विषयात माझ्याहून वरच्या इयत्तेतले. त्यातून ते निवृत्त मास्तर. म्हणजे चव घेतली की गुणही देणार.

आता बिअर म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. तेव्हा पुण्यातल्या भाच्याने आम्हा दोघांना क्राफ्ट बिअर चाखायला बोलावलं, यात त्याने योग्य तज्ज्ञ निवडले असंच मी मानतो. भाचा आयटीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी बिअरचं परीक्षण करतो. म्हणजे इतरांसारखी पितोच, पण वहीत लिहून पितो. आमच्याकडे हे परीक्षण दोन प्रश्नांत आटोपतं: थंडी आहे का, आणि स्ट्राँग आहे का.

यवतमाळहून पुण्याला जायचं तर रेल्वेचं नाव काढू नये. मूर्तिजापूरला जाणारी नॅरो गेजची शकुंतला होती, ती बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचं काम सुरू आहे, आणि ते सुरू आहे हे ऐकत आमचे केस पिकले. उरतं धामणगाव, नाहीतर ट्रॅव्हल्स. ट्रॅव्हल्समध्ये आम्हाला वरचा डबल स्लीपर मिळाला. साठी ओलांडलेल्या दोन साडूंनी एका गादीवर रात्र काढावी, अशी ही व्यवस्था नवविवाहितांसाठी केलेली असते. त्यांचा गुडघा माझ्या बरगडीत आणि माझी पिशवी त्यांच्या मानेखाली, अशा तहावर आम्ही निघालो.

वाळूज आलं तेव्हा साडू जागेच होते. पडदा सारून म्हणाले, “पाहा भाऊ, आपली बाटली इथूनच निंगते.” खरं आहे. या पट्ट्यात बिअरचे मोठे कारखाने आहेत आणि ते जायकवाडीच्या पाण्यावर चालतात. २०१६ च्या दुष्काळात हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी निम्म्याहून जास्त तोडायला लावलं होतं. साडूंना तो निकाल पाठ होता. मुळाक्षरं शिकवावीत तशा आवाजात त्यांनी तो सांगितला आणि खालच्या स्लीपरवरून कुणीतरी “काका, झोपा आता” म्हणालं.

पुण्यात २००९ साली डूलाली नावाच्या बारने स्वतःची बिअर बनवायला घेतली आणि मग या शहराला नादच लागला. भाच्याने नेलं ते ठिकाण नाव घेण्याइतकं मला परत सापडणार नाही. काचेमागे स्टीलच्या टाक्या, एवढा मंद उजेड की मेनू मोबाइलच्या टॉर्चवर वाचायचा, आणि संगीत एवढं मोठं की वाचलेलं ओरडून सांगायचं.

साडूंनी बसल्याबसल्या परवाना मागितला. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा पाच रुपयांत मिळतो, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तो चक्क प्रकृती जपण्यासाठी दिला जातो. आमच्याकडच्या बारवर ‘परमिट रूम’ अशी पाटी असते ती यामुळेच, पण आत परमिट विचारणारा माणूस यवतमाळातही कुणी पाहिलेला नाही. वेटरने मॅनेजर आणला, मॅनेजरने ड्रॉवर उपसला, आणि शेवटी पावतीपुस्तक निघालं. “आता प्रकृतीकडे पाहू,” साडू म्हणाले.

लाकडी पाटीत खोचलेले छोटे छोटे ग्लास आले. पहिली हेफेवायझन, गव्हाची. वासाला केळं आणि लवंग.

“केळं टाकलं का?”

“नाही मामा, ते यीस्टमुळे येतं.”

“अन् लवंग?”

“तीही यीस्टच.”

साडूंनी ग्लास दिव्यापुढे धरून त्या अदृश्य कामगाराला आदराने न्याहाळलं. दुसरी बेल्जियन विट. तिच्यात मात्र धने आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. “साल? वरुड-मोर्शीले ढोरं खातेत ते!” भाचा वहीत ‘सिट्रस, ड्राय फिनिश’ असं काहीतरी लिहीत होता.

तिसरी आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. हॉप्सचा कडवटपणा कानापर्यंत गेला. मी तोंड वेडंवाकडं केलं. साडूंनी डोळे मिटले, घोट गालात फिरवला, आणि वर्ग तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरच्या सुरात विचारलं, “पाणी कुठचं, भाऊ?”

वेटर “बिसलरी देऊ का?” म्हणाला.

“ते नाई. याच्यातलं. हे पाणी जड हाय.”

भाचा लाजला. पण बातमी काचेमागे गेली आणि दाढीवाला तरुण ब्रुअर धावत बाहेर आला. त्याला आजवर कुणी हे विचारलंच नव्हतं. खुर्ची ओढून त्याने सांगितलं ते असं: बिअरची जात मुळात पाणी ठरवतं. पिल्सनचं पाणी मऊ, म्हणून १८४२ साली तिथे हलकी सोनेरी पिल्सनर जमली. इंग्लंडातल्या बर्टनच्या विहिरींत जिप्समचं पाणी. त्याने हॉप्सचा कडवटपणा खुलतो, म्हणून हिंदुस्थानातल्या साहेबासाठी पेल एल तिथून जहाजं भरून यायची. डब्लिनचं पाणी क्षारांचं, ते भाजलेल्या माल्टची आंबट बाजू सांभाळतं, म्हणून तिथली काळी बिअर नावाजली. “आम्ही काय करतो, पाणी आरओमधून काढतो आणि मग बर्टनसारखं व्हावं म्हणून त्यात जिप्सम घालतो.”

साडू थोडा वेळ गप्प राहिले. “म्हंजे पाण्यातला क्षार पैसे देऊन काढता, अन् मंग पैसे देऊन टाकता?”

“हो काका.”

“आमच्या बोरले फुकट येते.”

यानंतर परीक्षणाची सूत्रं भाच्याच्या हातून गेली. साडू सांगत होते आणि तो मुकाट्याने उतरवून घेत होता. गव्हाची: पाणी मऊ, तुरीची डाळ तीन शिट्ट्यांत शिजेल, दहापैकी सात. संत्र्याची: डाळ शिजेल, धने वाया गेले, पाच. आयपीए: डाळ दाताखाली येईल, साबणाला फेस नाही, तरी मेहनतीचे सहा. स्टाउट आली, काळीभोर. ती तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी लागली आणि साडूंना फार आवडली. तिला नऊ. दहा ते पोरांनाही कधी देत नसत. बिल आलं तेव्हा त्यांनी ते मनातल्या मनात टँकरमध्ये मोजलं आणि आकडा सांगितला नाही.

ब्रुअर मात्र पेटला होता. काका, तुमच्या बोरचं पाणी पाठवा, त्याच्यावर स्टाउट जमते का पाहतो. लॅबचा रिपोर्ट असेल तर तोही. “रिपोर्ट कायले? डाळ लावून पाहा!” साडू म्हणाले.

गावी परतल्यावर त्यांनी शब्द पाळला. वीस लिटरचा कॅन धुऊन, भरून, झाकणाला दोरी बांधून पुण्याच्या ट्रॅव्हल्सवर नेला. मी सोबत होतो. क्लीनरने कॅन हलवून पाहिला.

“काय आहे?”

“पाणी.”

“यवतमाळहून पुण्याले पाणी?” त्याने आमच्या दोघांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, झाकणाला नाक लावलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, “मोहाची असंन त सांगा काका, भाडं येगळं पडते.”