बॉनेटवाले नाना

नानांची जीप पळताना फार थोड्यांनी पाहिली आहे. बॉनेट उघडं टाकून उभी असलेली मात्र अख्ख्या पेठेने पाहिली आहे. दोन्ही बाजूंचे खटके काढायचे, बॉनेट मागे काचेच्या चौकटीला टेकवायचं, हात कमरेवर ठेवायचे आणि मान जराशी तिरकी करून आत बघत राहायचं. पुढचं काम जाणारे-येणारे करतात. कोल्हापुरात उघड्या बॉनेटपाशी न थांबणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाहीतर त्याची एसटी सुटत असते.

"काय नाना, बिघडली वाटतं?"

"बिघडायला काय झालंय तिला? पॉवर कमी पडतीया."

कुठे कमी पडते, हे विचारायचं नसतं. घरापासून दूध डेअरी आणि डेअरीपासून मळा एवढंच नानांचं जग. त्यात चढ म्हणावा असा एकच, डेअरीच्या दारातला रॅम्प, आणि तो म्हशीही न दमता चढतात. पण नानांच्या डोक्यात कायम पन्हाळ्याचा घाट असतो, मुसळधार पाऊस असतो, आणि मागे चिखलात रुतलेला कुणाचा तरी ट्रक असतो. तो ओढून काढायची वेळ आजवर आलेली नाही. आली तर कमी पडायला नको.

जीप महिंद्राची सीजे-थ्रीबी, एका साखर कारखान्याच्या लिलावातून आलेली. कुणी शेती अधिकारी वर्षानुवर्षं तिच्यातून ऊस बघत हिंडला होता. सीटच्या खाचेत उसाचं वाळकं पाचट अजून निघतं आणि नाना ते फेकू देत नाहीत. या जीपचं उंच नाक हा त्यांचा लाडका विषय. 1953 साली विलीज कंपनीने जुन्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनाच्या जागी नवं 'हरिकेन' बसवलं. त्यात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये राहिले. इंजिन उंच झालं, जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून कंपनीने बॉनेटच उचललं. सीजे-थ्रीबीचा तो डोक्यावर टोपी चढवल्यासारखा चेहरा तेव्हापासूनचा. "म्हणजे कंपनीनं स्वतःच इंजिन बदललंय, मास्तर! मग आम्ही बदललं तर काय बिघडलं?" यावर आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही. मला तर नाहीच, कारण माझी गाडी म्हणजे जुनी मारुती 800. तिच्याकडे नाना बघतात तेव्हा त्यांच्या नजरेत आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाची माया असते.

जीपमधलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवणारी माणसं आपल्याकडे ढिगाने झाली. कुणी मेटाडोरचं बसवलं, कुणी प्यूजोचं. पेट्रोल परवडेना हे त्यामागचं साधं कारण. नाना त्यांना आपल्यात धरत नाहीत. "ती पोटासाठी केलेली कामं. नाद म्हणत नाहीत त्याला."

नानांनी आणलं ते अपघातात सापडलेल्या स्कॉर्पिओचं एमहॉक. आता गंमत बघा. जुनं हरिकेन 2199 सीसीचं, आणि हे 2179. वीस सीसी कमीच! हा आकडा नानांनी काकूंपुढे तुरुपाच्या पानासारखा टाकला. "अगं, आधीच्यापेक्षा लहान हाय इंजिन."

"मग पैसेबी कमी लागले असतील," काकू म्हणाल्या. नाना अंगणात निघून गेले.

त्यांनी सांगितलं नव्हतं ते एवढंच, की जुन्याचे घोडे सत्तर-पंचाहत्तर आणि नव्याचे 120. टॉर्क जुन्याचा 155 न्यूटन-मीटरच्या आसपास, नव्याचा 290. म्हणजे आकाराने सारखं आणि ताकदीला जवळजवळ दुप्पट. गाडीच्या मागच्या भागाने एवढा जोर जन्मात कधी पाहिलेला नव्हता. नानांचं खरं सुख इथून सुरू होतं, कारण अशा कामात एक वस्तू बदलून कधीच भागत नाही.

जुना तीन गिअरचा बॉक्स ह्या इंजिनापुढे टिकणार नाही, म्हणून दुसऱ्याच गाडीचा दणकट गिअरबॉक्स. तो लांब, आणि जीपचा व्हीलबेस मुळात 80 इंच. म्हणून मागचा प्रोपेलर शाफ्ट कापून वीतभर उरला. एवढ्या आखूड शाफ्टचा कोन तिरपा बसतो आणि गाडी थरथरते, म्हणून इंजिनाची फाउंडेशनं परत खाली घ्यायची. ती घेतली तर चेंबर पुढच्या हाऊसिंगवर आपटतं, म्हणून चेंबर कापायचं. टर्बो आला म्हणून इंटरकूलर आला, तो आला म्हणून रेडिएटर सरकला, रेडिएटर सरकला म्हणून जाळी पुढे आली. एवढं होईस्तोवर कुणाच्या तरी लक्षात आलं, की पळायची सोय झाली पण थांबायची राहिली. नऊ इंची ड्रमचे ते ब्रेक घाटात सत्तर घोड्यांनाच जेमतेम आवरायचे. मग पुढे डिस्क. नाना प्रत्येक अडचण अशा चेहऱ्याने सांगतात, की वाटावं घरात नातू झालाय.

त्यांना खरं बघायचं असेल तर उद्यमनगरात बघावं. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या मापांचे असले की मध्ये एक लोखंडी प्लेट लागते, आणि त्या प्लेटचं केंद्र क्रँकच्या केंद्राशी केसभरही चुकून चालत नाही. चुकलं तर क्लच खातो आणि बेअरिंग रडतं. टर्नर चाचांनी प्लेट लेथवर चढवली, डायल गेजचं टोक टेकवलं आणि चक हाताने हळूहळू फिरवला. काटा एका जागी किंचित थरथरला. चाचांनी हातोडीच्या लाकडी मुठीने एकदाच टकटक केलं. पुन्हा फिरवला. काटा गप्प. एरवी माणसाला वाक्य पुरं करू न देणारे नाना, तोवर श्वाससुद्धा घेत नव्हते. मग खिशातला मोजायचा फीता काढून त्यांनी प्लेटची जाडी मोजली. डायल गेजसमोर फीता! चाचांनी काही न बोलता चहा मागवला.

विजेचं प्रकरण सगळ्यात अवघड गेलं. जुनं इंजिन बॅटरी बसली तर पुढून हँडल मारून सुरू व्हायचं. नव्याला आधी किल्लीची ओळख पटावी लागते. त्या अपघाती गाडीची नेमकी तीच किल्ली, तोच कॉम्प्युटरचा डबा, तेच वायरिंग जुळलं, तरच साहेब डिझेल सोडणार. आणि सोडल्यावरही या जीपमध्ये नसलेल्या वस्तूंची चौकशी करत मीटरवर दिवे लावत बसणार. नानांनी दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावली. माझ्या मते सगळ्या प्रकल्पातला एवढाच निर्णय झटपट आणि स्वस्तात झाला.

जुनं हरिकेन पडवीत दोन टायरांवर बसवलं होतं. काकूंनी त्याच्यावर लसणाची टोपली ठेवली, ती नानांनी उचलली, काकूंनी पुन्हा ठेवली. खंडेनवमीला मात्र दोन्ही इंजिनांना झेंडूची माळ काकूंनीच घातली, आणि जुन्याची जरा मोठी होती.

राहता राहिला कायदा. तो नानांना पाठ आहे. मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम, आणि कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही म्हणून सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019चा निकाल, दोन्ही त्यांच्या फायलीत आहेत. पेट्रोलच्या आरसी बुकावर डिझेलचं इंजिन रस्त्यावर न्यायचं नाही, एवढा कायदेभीरूपणा त्यांच्यात आहे. त्यामुळे 120 घोडे ट्रॉलीवर चढून मळ्यात गेले आणि विहिरीपासून माळाच्या टोकापर्यंतच्या दोन एकरांत पळाले. दुसऱ्या गिअरच्या पुढे जायला जागाच नाही. तिसरा टाकेस्तोवर बांध येतो. पन्हाळा तिथून स्पष्ट दिसतो. नाना गाडी थांबवून त्याच्याकडे बघत होते, आणि चेहऱ्यावर दुःख औषधालाही नव्हतं.

दिवाळीनंतर पुण्याहून जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ आले. पांढरे बूट, हातात विजेरी. जीपभोवती फिरले, पाटी वाचली, नाकाचं कौतुक केलं, मग आत वाकून सरळ झाले. "मूळ इंजिन नाही? अरेरे! नंबर जुळता असता तर मागाल ती किंमत दिली असती."

मला वाटलं, आता नाना त्यांना विहीर दाखवणार. पण नाना बराच वेळ गप्प राहिले. मग पडवीत गेले, लसणाची टोपली खाली ठेवली आणि ब्लॉकवरचा नंबर धोतराच्या सोग्याने पुसला. गृहस्थांनी विजेरी मारली. नंबर जुळत होता.

गृहस्थ किमतीचं बोलायला लागले, पण नानांचं तिकडे ध्यान कुठे होतं? ते त्यांना विचारत होते, त्या काळचा कार्ब्युरेटर कुठे मिळेल, चोकची केबल तशीच पाहिजे की आताची चालेल, आणि 53च्या कॅटलॉगात रंगाचे नंबर दिलेत का. गाडी विकायची नव्हतीच. गृहस्थ निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तिकाटणं उभं राहिलं, चेन ब्लॉक लटकला आणि एमहॉक बाहेर यायला लागलं.

"परत?" काकू म्हणाल्या.

"ओरिजिनल करतोय," नाना म्हणाले. "ओरिजिनलला किंमत हाय आता. तुला काय कळायचं!"

मी कुंपणापलीकडून विचारलं, "आणि नाना, ह्या नव्या इंजिनाचं काय करणार?"

नानांनी साखळी एक हात ओढली, इंजिन हवेत अधांतरी सोडलं आणि खिशातून फीता काढला. मग कुंपणाचं फाटक उघडून ते माझ्या मारुतीपाशी आले, उकिडवे बसले आणि तिच्या एका हेडलाइटपासून दुसरीपर्यंत मोजायला लागले.